२४ पानांचं लिंबू

पहिल्या खर्ड्यात ८७० शब्द होते. छापलेल्या पुस्तकात २३४ आहेत. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी पुण्याच्या मंडईवर चित्रपुस्तक करायचं ठरल्यापासून छापील प्रती हातात पडेपर्यंत आठ महिने लागले, आणि त्यातले निम्मे हे ६३६ शब्द बाहेर काढण्यात गेले. मुलांसाठी पहिल्यांदाच पुस्तक करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ही सगळी प्रक्रिया, चुका धरून, इथे मांडतो आहोत.

गोष्ट अगदी साधी आहे. मिनू आजीबरोबर मंडईत जाते. आजी लिंबांचा एक वाटा घेते. पिशवीतलं एक लिंबू निसटतं आणि घरंगळत सुटतं. मिनू त्याच्यामागे. हातगाडी, कांद्याची पोती, कोथिंबिरीच्या जुड्या असं सगळं पार करत लिंबू फिरून पुन्हा त्याच गाळ्यापाशी येतं. हा शेवट आम्हाला इमारतीनेच दिला. महात्मा फुले मंडई १८८० च्या दशकात बांधली गेली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. तिचा मधला भाग अष्टकोनी आहे. अष्टकोनाभोवती चालत राहिलं की माणूस निघाला तिथेच परत येतो. पहिल्या खर्ड्यात ही सगळी माहिती आजीच्या तोंडी होती, बांधकामाच्या काळासकट. मुलाला तिचा काही उपयोग नव्हता, चित्रकर्तीला मात्र होता. म्हणून ती मजकुरातून काढून चित्रकर्तीच्या टिपणात टाकली. मुलांच्या पुस्तकासाठी जमवलेल्या माहितीचं बहुतेक वेळा हेच करावं लागतं. ती पुस्तकात असावी, पण शब्दांत असायलाच हवी असं नाही.

लिहायला बसण्याआधी पानं मोजावीत. आमच्याकडून हे उलट झालं आणि दोन महिने वाया गेले. मध्ये पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असतात: १६, २०, २४, ३२. आम्ही २४ घेतली. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर श्रेयं, तिसऱ्यावर गोष्टीची सुरुवात. नंतर ४-५ पासून २२-२३ पर्यंत दहा जोडपानं आणि शेवटी एकटं २४ वं पान. म्हणजे गोष्टीचे बारा तुकडे, आणि पान उलटण्याच्या जागा अकरा. चित्रपुस्तकातली सगळी उत्सुकता या अकरा जागांवर उभी असते. पान मूल उलटतं, त्यामुळे पुढे काय होणार हे उघड करण्याचं काम त्याच्या हाताकडे असतं. लेखकाने ते आधीच करून टाकलं, तर मुलाला काही उरत नाही.

उदाहरण देतो. आमचं मूळ वाक्य होतं, ‘लिंबू हातगाडीखाली गेलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं.’ वाक्यात चूक काही नाही, पण त्यात थांबायला जागाही नाही. आता ७ व्या पानाच्या तळाशी एवढंच आहे: ‘लिंबू हातगाडीखाली गेलं.’ पान उलटलं की ८ व्यावर: ‘आलंच नाही.’ शेजारी हातगाडीखाली वाकून बघणाऱ्या मिनूची पाठ. लिंबू चित्रातच उजव्या कडेला, एका पोत्याच्या आड अर्धं दिसतं. शब्द म्हणतात आलं नाही आणि मुलाला मात्र ते दिसलेलं असतं. मुलं पुस्तकावर बोट आपटून ओरडतात ते इथे.

हे कागदावर नुसतं वाचून कळत नाही, त्यासाठी डमी, म्हणजे पुस्तकाची हाताने केलेली कच्ची प्रत, लागते. ए-फोरचे सहा कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले की २४ पानं होतात. मजकूर मोठ्या अक्षरात छापून, तुकडे कापून, डिंकाने चिकटवायचे. चित्रांच्या जागी पेन्सिलीने काडीची माणसं काढली तरी चालतात. आम्ही एकूण नऊ डम्या केल्या. स्क्रीनवर जोडपानं एकाखाली एक सरकवून बघण्याने डमीचं काम होत नाही, कारण स्क्रीनवर पान उलटायला वेळ लागत नाही. हातात तो अर्धा सेकंद लागतो आणि गोष्ट त्या अर्ध्या सेकंदात असते.

मजकूर कापण्यासाठी आम्ही एकच कसोटी लावली: डोळ्याला दिसतं ते शब्दांनी सांगायचं नाही. ‘लाल फ्रॉक घातलेली मिनू’ गेली, ‘हिरवीगार कोथिंबीर’ गेली, ‘गर्दीने फुललेली मंडई’ गेली. उरलं ते आवाज, वास, बोलणं आणि मिनूच्या मनातलं, म्हणजे चित्राला जे जमत नाही ते. लांबीचा अंदाज हवा असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरचे वाचनस्तर उपयोगी पडतात. तिथे पहिल्या स्तराला २५० पर्यंत शब्द, दुसऱ्याला ६०० पर्यंत आणि तिसऱ्याला १५०० पर्यंत अशी विभागणी आहे. आमचं पुस्तक पहिल्या स्तरात बसतं. प्रत्येक जोडपानावर जास्तीत जास्त २५ शब्द ही मर्यादा आम्ही घालून घेतली आणि एकाच ठिकाणी मोडली.

आता भाषा. इथे मराठीचे स्वतःचे प्रश्न आहेत. पहिला, ‘घरंगळले’ की ‘घरंगळलं’? पाठ्यपुस्तकाची सवय ‘ले’ची. पण हे पुस्तक आधी कानावर पडणार आणि मग डोळ्यांनी वाचलं जाणार. ‘लिंबू घरंगळले’ मोठ्याने वाचताना वाचणाराच नकळत ‘लं’ म्हणतो आणि शेजारी बसून अक्षरांवर बोट फिरवणारं मूल गोंधळतं. म्हणून सगळीकडे ‘लं’. हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा. अर्धं पुस्तक एका रूपात आणि अर्धं दुसऱ्या रूपात राहिलं, तर मुद्रितशोधनात ते हमखास निसटतं.

दुसरा प्रश्न जोडाक्षरांचा. नुकतं वाचू लागलेलं मूल ‘मंडई’ सहज वाचतं, ‘प्रचंड’ला थांबतं. र तर आणखी अवघड: ‘गर्दी’त डोक्यावर, ‘क्रम’मध्ये पायाशी, ‘ट्रक’मध्ये वेगळाच, ‘दऱ्या’त चौथ्याच रूपात. एकाच पानावर यातली दोन रूपं आली की अडखळणं वाढतं. ‘प्रचंड गर्दी’चं ‘पायच पाय’ केलं. हे चित्रालाही सोपं गेलं आणि मिनूच्या उंचीवरून दिसणारं तेच होतं. मुख्य पात्राचं नाव दोन अक्षरी आणि जोडाक्षराविना ठेवण्याचं कारणही हेच. ते पुस्तकात १७ वेळा येतं.

पण सोपं करण्यालाही सीमा असावी. ‘घरंगळत’ हा शब्द पहिलीतल्या मुलाला अवघड आहे. काना नाही, मात्रा नाही, एकामागून एक पाच अक्षरं, आधार घ्यायला काही नाही. ‘गोल गोल जात’ असं करून पाहिलं आणि गोष्टीचा जीवच गेला. म्हणून तो ठेवला आणि सहा वेळा आणला, दर वेळी वाक्यात त्याच जागी. पहिल्यांदा मूल तो अक्षर अक्षर लावतं, तिसऱ्यांदा ओळखतं, सहाव्यांदा वाचणाऱ्याच्या आधी म्हणून टाकतं. अवघड शब्द द्यायचा असेल तर एकदाच देऊन सोडू नये.

आवाजाचे शब्द लिहिताना मात्र नेमकं असावं. ‘टप्पकन’ हे फरशीवर. पोत्यावर पडलेलं लिंबू आवाज करत नाही. आम्ही खरोखर लिंबं आणून फरशीवर, पोत्यावर आणि पुठ्ठ्यावर सोडून पाहिली. त्यात आणखी एक कळलं: कागदी लिंबू देठाच्या टोकामुळे सरळ जात नाही, वळत जातं. अष्टकोनाला वळसा घालणाऱ्या लिंबावर तेव्हापासून आमचा विश्वास बसला.

संवादांत मिनू म्हणते, ‘मावशी, माझं लिंबू पाहिलंत का?’ आधीच्या खर्ड्यात सगळेच जण सदाशिव पेठेतल्या शिकवणीतलं मराठी बोलत होते, भाजीवाल्या मावशीही आणि हमालही. ते खोटं वाटत होतं. मग आम्ही ‘कुटं’, ‘न्हाई’ असं लिहून पाहिलं. त्यात दोन अडचणी आल्या. नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलाला ‘कुटं’ हा चुकीचा ‘कुठे’ वाटतो. आणि घरी तसं बोलणारं मूल वर्गात बसलेलं असेल, तर बाकीची मुलं हसतात. ते हसू आमच्या पुस्तकामुळे व्हायला नको होतं. म्हणून बोलीची छटा लेखनातून न आणता शब्दांच्या निवडीतून आणि ठेक्यातून आणली: ‘अगं पळालं ते! बघ तिकडं, पोत्यामागं.’

कच्ची डमी तयार झाल्यावर तीन ठिकाणी वाचन केलं: एक बालवाडी, पहिलीचा एक वर्ग आणि कोथरूडमधलं मुलांचं एक वाचनालय. दर वेळी आठ ते दहा मुलं सतरंजीवर. यापेक्षा जास्त असली तर मागच्यांना चित्र दिसत नाही आणि त्यांच्या चुळबुळीचं खापर उगाच मजकुरावर फुटतं. वाचणारी व्यक्ती लेखक नसावी. लेखकाला कुठे काय हवंय ते माहीत असतं आणि मजकुरातली कसर तो आवाजाने भरून काढतो. पुस्तक घरी गेल्यावर तिथे तो आवाज नसणार. एकाने वाचावं, दुसऱ्याने बाजूला बसून डमीच्या दुसऱ्या प्रतीत खुणा कराव्यात. नजर चित्रावरून हलली तिथे फुली, ‘मग?’ आलं तिथे बाण, मुलं स्वतः बोलली तिथे त्यांचेच शब्द. ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारू नये. सगळी मुलं एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतात आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जाऊन ‘काल काय झालं होतं?’ एवढं विचारावं. मुलांनी गाळलेला भाग बहुधा गाळण्याच्याच लायकीचा असतो.

फुल्यांचा गठ्ठा एकाच जोडपानावर जमला, आजीच्या घासाघिशीवर. सहा वाक्यं होती आणि आम्हा मोठ्यांना ती सगळ्यांत आवडायची. ती गेली. पहिलीच्या वर्गात प्रश्न आला, ‘निसटलेल्या लिंबाचे पैसे दिले होते का?’ आमच्यापैकी कुणाच्याही मनात तो आला नव्हता. दिले नसतील तर मिनू कोणाचं लिंबू घेऊन पळते आहे? आता ५ व्या पानावर आजी पैसे मोजून देताना दिसते. त्यासाठी शब्द एकही वाढवला नाही.

शेवटी ‘म्हणून पिशवी नीट धरावी’ असं वाक्य घालावं, अशी सूचना एका मोठ्या माणसाकडून आली होती. आम्ही ते घातलं नाही. लिंबू पळालं हे मिनूच्या दिवसातलं सगळ्यांत चांगलं घडलं होतं. त्याबद्दल तिला समज देणं म्हणजे मुलाला सोबत हुंदडू देऊन नंतर कान पिळण्यासारखं आहे.

चित्रकर्तीला द्यायच्या टिपणात काय घडतं ते लिहावं, कसं काढायचं ते लिहू नये. एका मोठ्या कागदावर बारा चौकटी आखून तिने आधी छोटी रेखाटनं केली. बदल इथेच करून घ्यावेत. रंगवलेल्या चित्रात बदल मागणं हा चित्रकाराच्या कामाचा अपमान आहे आणि त्याचे वेगळे पैसेही द्यायला हवेत. दोन गोष्टी या टप्प्यावर पकडल्या गेल्या. पहिली, दिशा. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून लिंबू उजवीकडे धावलं की हात आपोआप पान उलटायला जातो. एका जोडपानावर ते डावीकडे चाललं होतं आणि वाचनाच्या वेळी मुलं तिथे मागचं पान उघडायला बघत होती. आता शेवटून दुसऱ्या जोडपानापर्यंत ते उजवीकडेच जातं. डावीकडे वळतं ते फक्त २२-२३ वर, परत येताना.

दुसरी गोष्ट उंची. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. चित्रकर्तीने मंडईत फोन त्या उंचीवर धरून फोटो काढले आणि सगळी चित्रं तिथून केली. त्यामुळे मोठ्या माणसांचे चेहरे चौकटीबाहेर जातात. दिसतात त्या पिशव्या, गुडघे, लुगड्यांचे काठ, तराजूच्या पारड्यांची खालची बाजू. पुस्तकात मोठ्या माणसाचा पूर्ण चेहरा एकदाच येतो, आजी वाकते तेव्हा. फोटोंतल्या खऱ्या भाजीवाल्यांचे चेहरे जसेच्या तसे उतरवले नाहीत, आणि वाचनाला बसलेल्या मुलांचे फोटोही पुस्तकात वापरले नाहीत. मुलांबद्दल खरं काही लिहायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्यावी. मूल अत्याचारग्रस्त असेल किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं असेल, तर त्याची ओळख पटेल असं काहीही छापायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. नाव बदलून शाळा तीच ठेवली, तरी ओळख पटतेच.

अक्षरजुळणीत सगळ्यांत जास्त चुका झाल्या. मजकूर काही जणांनी श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत टाइप केला होता. तो युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर गेले आणि ‘ऱ्या’ फुटला. रूपांतरानंतर प्रत्येक ओळ मूळ प्रतीशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. टंक निवडताना ल आणि श तपासावेत. बऱ्याच टंकांत ते हिंदी वळणाचे येतात आणि शाळेत मराठी वळण गिरवणाऱ्या मुलाला अनोळखी वाटतात. काही टंकांत भाषा ‘मराठी’ निवडली की वळण बदलतं, आणि तिरो देवनागरीची मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. अक्षर २० पॉइंट, ओळींमध्ये मोकळी जागा भरपूर, डावी कड सरळ आणि उजवी मोकळी. दोन्ही कडा जुळवल्या तर शब्दांमध्ये खड्डे पडतात. ओळ श्वासाच्या जागी तोडावी. ‘लिंबू कांद्यांच्या / पोत्यांवरून घरंगळत’ असं नको. ‘लिंबू / कांद्यांच्या पोत्यांवरून / घरंगळत’ असं हवं.

आकार आम्हाला चौरस हवा होता, साडेआठ बाय साडेआठ इंच. नारायण पेठेतल्या छापखान्यात हिशेब मांडला तेव्हा २० × ३० इंचांच्या कागदातून १६ ऐवजी १२ च पानं निघत होती, बाकीची कात्रण. क्राउन पाव, म्हणजे सव्वासात बाय साडेनऊ, घेतल्यावर एका कागदात १६ पानं बसली. २४ पानांना दीड कागद, हजार प्रतींना १५०० कागद म्हणजे तीन रीम, आणि शाई जुळेपर्यंत वाया जाणारे वेगळे. आकार चित्रं सुरू होण्यापूर्वी छापखान्यात जाऊनच ठरवावा.

आतला कागद १३० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन १३० ग्रॅम) मॅट आर्ट, म्हणजे न चमकणारा. चकचकीत कागद ट्यूबलाइटखाली चमकतो आणि वर्गात मागे बसलेल्या मुलांना चित्राऐवजी उजेडाचा पट्टा दिसतो. मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदावर, रंग मुरून दबतात. चित्रं कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवलेली असावीत आणि अक्षरं कडेपासून किमान दहा मिलिमीटर आत. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईची असावीत. चित्राच्याच फाइलमध्ये टाइप केलेला मजकूर चारही रंगांचा काळा होतो, प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना लाल-निळी किनार येते आणि अनुस्वार दोन दिसू लागतात.

लिंबाचा पिवळा हा वेगळाच त्रास होता. स्क्रीनवर तेजस्वी दिसणारा पिवळा चाररंगी छपाईत तसा येत नाही. पहिल्या प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, लिंबू कच्चं, हिरवट दिसत होतं, कारण रंगात पाच टक्के निळा मिसळला होता. तो शून्यावर आणला, पिवळा १०० ठेवला, किरमिजी ७ टक्के दिला, आणि सावलीसाठी काळ्याऐवजी तपकिरी वापरला. डिजिटल प्रूफवर विसंबू नये. ऑफसेट मशीनवर पहिले कागद निघताना चित्रकर्तीला तिथे उभं करावं.

पावसाळ्यात छापू नये, निदान मुखपृष्ठ तरी. एकाच बाजूला लॅमिनेशन असलेलं कार्ड दमट हवेत दुसऱ्या बाजूने ओलावा ओढतं आणि वळतं. आमच्या पहिल्या दोनशे प्रतींची मुखपृष्ठं जुलैत अशीच उघडी राहिली.

करार लेखी करावा, चित्रकर्तीचाही. मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार हक्क पाच वर्षांपुरते दिलेले मानले जातात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. चित्रकर्तीचं नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाइतक्याच आकारात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तो मुखपृष्ठ पक्कं होण्याआधी हाती हवा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत ठरलेल्या चार ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत देताना हे लक्षात ठेवावं की पिन मारलेल्या पुस्तकाला कणा नसतो. कपाटात उभं ठेवलं की ते दिसेनासं होतं. दुकानदाराला दहा प्रती एकावर एक, मुखपृष्ठ वर करून ठेवायला सांगावं.

२४ व्या पानावर एकही शब्द नाही. आजीने केलेल्या सरबताचा पेला आणि शेजारी पिळलेल्या लिंबाच्या दोन फोडी. वाचनालयातली मुलं दर वेळी विचारतात, ‘बिया कुठायत?’ दुसऱ्या आवृत्तीसाठी चित्रकर्तीने पेल्याच्या तळाशी तीन बिया काढून ठेवल्या आहेत.